मंगोलियन स्त्री : कौतुकापलीकडे

मंगोलियातील स्त्रियांवरचा रविवार पुरवणीतील लेख वाचला. घोडदौड करणारी, कणखर, स्वतंत्र अशी त्यांची प्रतिमा लेखात आहे. ती खोटी नाही. पण कणखरपणाचे गोडवे गाताना सत्तेतील त्यांच्या वाट्याचा विषय निसटला, हे खटकले.

पशुपालक घरातली बाई पहाटे मीठ घातलेला दुधाचा चहा उकळते, त्यातली पहिली पळी आकाशाकडे शिंपडते, की लगेच गायी-याकचे दूध काढायला बसते. दह्याचा चक्का वाळवून हिवाळ्याची बेगमीही तीच करते. मुलांच्या शाळेसाठी कित्येक आया हिवाळाभर शाळेच्या गावी राहतात आणि नवरा कळपापाशी. संसार असा दोन ठिकाणी विभागलेला. मुलगे गुरांमागे राहिले, मुली शिकत गेल्या. त्यामुळे विद्यापीठांत आज मुलींचीच संख्या अधिक आहे.

तरीही २०२० मध्ये ७६ जणांच्या संसदेत स्त्रिया होत्या अवघ्या १३. २०२४ मध्ये १२६ पैकी ३२ निवडून आल्या, कारण किमान ३० टक्के महिला उमेदवार देणे पक्षांना कायद्याने बंधनकारक झाले होते. २०२८ च्या निवडणुकीत हे प्रमाण ४० टक्के होणार आहे. पदव्या आणि कर्तबगारी यांनी जे दार उघडले नाही, ते कायद्याने निदान किलकिले तरी केले. या बदलावर स्वतंत्र लेख द्यावा, ही विनंती.

– एक वाचक, सातारा