ओढ्याचा काठ मोकळा करण्याआधी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आमच्या ओढ्याच्या काठाने चुन्याची रेघ मारून गेले. खोलीकरण-रुंदीकरणाचे काम निघणार आहे, रेघेच्या आत जे येईल ते सगळे काढायचे, असे सांगितले. आत तीन करंज, एक जुना उंबर, निरगुडीची सलग जाळी आणि लव्हाळ्याचा पट्टा येतो. गावात बहुतेकांना हे काम हवे आहे आणि ते का हवे आहे, हे मला कळते. सप्टेंबर 2025 च्या पुरात सीनामाईने, म्हणजे आमच्या सीना नदीने, काय केले ते आम्ही पाहिले. लांबोटीजवळ पुणे-सोलापूर महामार्ग बंद ठेवावा लागला होता. माढा, मोहोळ, उत्तर सोलापूर या तालुक्यांत उभी पिके, घरे, गोठे पाण्यात होते. ‘झाडाझुडपांनी पाणी तुंबले, म्हणून ते शिवारात घुसले’ हे वाक्य तेव्हापासून कानावर येते. मी सीनेकाठची शेतकरी आहे. पूर ओसरल्यावर माझ्या बांधावर जे दिसले ते या वाक्याशी जुळत नाही, म्हणून हे पत्र.

आमची जमीन ओढ्याच्या वळणावर आहे. शेजारच्या भावकीने तीन-चार वर्षांपूर्वी काठ साफ करून ऊस थेट कड्यापर्यंत नेला होता. पुरात तो कडा बसला. काळी माती वाहून गेली, खालचा मुरूम उघडा पडला. पंचनाम्यात ‘खरडून गेलेली जमीन’ म्हणतात ती हीच. त्याच वळणावर आमच्या बाजूला करंज आणि निरगुडी होती. तिथे पाणी चढले नाही असे नाही, कमरेच्या वर चढले. पण निरगुडीच्या जाळीत उसाचे पाचट, कडब्याच्या पेंढ्या, पाइपाचे तुकडे अडकले, पाण्याचा जोर मोडला आणि मागे वीतभर गाळ बसला. कडा मात्र हलला नाही. पाणी उतरल्यावर मी खुरप्याने माती थोडी बाजूला सारून पाहिली. करंजाच्या बारीक मुळ्या बाजेच्या विणीसारख्या एकमेकींत गुंतल्या होत्या आणि माती त्या विणीत अडकून राहिली होती. पंचनाम्यात शेजाऱ्यांचे नुकसान लिहिले गेले, लिहायलाच हवे होते. ज्या झाडांमुळे आमचे वाचले, त्यांची नोंद कुठेच झाली नाही.

तुंबण्याचा आक्षेप सगळाच खोटा नाही. पुलाच्या मोऱ्यांत आणि पात्राच्या मधोमध माजलेली वेडी बाभूळ काढलीच पाहिजे. पण पात्र वेगळे आणि काठ वेगळा. एकाच यंत्राने दोन्ही सारखेच साफ करायचे, यात घोटाळा आहे.

हे मी आजच का लिहिते? कारण पाऊस बदलला आहे. आपल्या सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी सुमारे 550 मिलिमीटर पाऊस. तो पूर्वी रिपरिप करत पडायचा, काळ्या रानात मुरायचा आणि ओढ्याला दिवाळीनंतरही झरा राहायचा. आता मोठी उघडीप आणि मग एका रात्रीत आठ दिवसांचा पाऊस. हवा एक अंशाने तापली की तिच्यात साधारण 7 टक्के जास्त बाष्प मावते, आणि ते कोसळते तेव्हा एकदम कोसळते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवून दिले, की 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात अतितीव्र पावसाच्या घटना तिपटीने वाढल्या. आपल्याला तर भीमेवरच्या उजनी धरणाकडे पाहिले तरी पुरे. 2024 च्या उन्हाळ्यात धरण उणे 59 टक्क्यांच्या आसपास गेले होते, म्हणजे वापराचे पाणी संपून तळाचा मृतसाठाही उपसला जात होता, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते काठोकाठ भरले. पुढच्या वर्षी तर मे महिन्यातच पावसाने झोडपले.

काठची झाडे या पाण्याच्या वेळापत्रकावर जगतात. वाळुंजाचे झाड घ्या. त्याचे बी कापसासारखे उडते आणि थोडेच दिवस जिवंत राहते. तेवढ्या दिवसांत त्याला उघडा, ओला गाळ मिळाला तरच ते रुजते. पूर्वी हिवाळा सरताना पाणी हळूहळू मागे हटायचे आणि तसा ओला गाळ उघडा पडत जायचा. आता तोवर ओढ्याला भेगा पडलेल्या असतात. जुनी झाडे उभी दिसतात म्हणून आपल्याला वाटते सगळे ठीक आहे, पण त्यांच्याखाली पोर नाही. माझ्या सासूबाई सांगत, की सून म्हणून आल्या तेव्हा धुण्याच्या दगडावर वाळुंजाची सावली असायची. आमच्या पट्ट्यात आज ती झाडे बोटांवर मोजावीत एवढीच उरली आहेत.

आमच्या उंबराचे शेंडे 2024 च्या उन्हाळ्यात वाळले. पारा 44 अंशांच्या घरात होता, ओढा मार्गशीर्षातच आटलेला. चारी बाजूंनी पाचशे-सहाशे फुटांचे बोअर, त्यांच्या मागे धावायला उंबराची मुळे कुठवर जाणार? मोठे झाड दोन-तीन वर्षे ओढ घेत तग धरते, रोपाला तेवढा दम नसतो. भूजल मुळांच्या वाढीपेक्षा वेगाने खाली गेले की रोप पहिल्याच उन्हाळ्यात जाते. जगलेच, तर पुढच्या पुरात उपटून निघते. दुष्काळ आणि पूर यांच्यामध्ये रोपाला मूळ धरायला जी चार-पाच शांत वर्षे लागतात, ती आता मिळत नाहीत.

रिकाम्या झालेल्या जागेवर वेडी बाभूळ येते. शेरडे-मेंढरे तिच्या शेंगा खातात आणि लेंडीतून बी सगळीकडे जाते. पाण्याविना ती तगते, पुरानंतर सर्वांत आधी उगवते, आणि तिच्या दाट जाळीखाली गवत फारसे टिकत नाही. गरिबाची चूल तिच्यावर पेटते, हे मला मान्य आहे. पण करंजाची, उंबराची जागा ती भरून काढत नाही. पाण्यात जलपर्णीचेही तेच: सांडपाण्याचे खत आणि कोमट, संथ पाणी मिळाले की ती फोफावते. चंद्रभागेचे पात्र तिने हिरवेगार झाकलेले वारकऱ्यांनीही पाहिले आहे.

लव्हाळ्याबद्दल थोडे जास्त लिहिते, कारण आम्हा बायकांचे त्याच्याशी जुने वैर आहे. शेतात तो खुरपून खुरपून बोटे दुखतात, वरचे पाते निघते आणि गाठ खाली राहते. आठ दिवसांत पुन्हा पाते वर. हरळीचेही तसेच. पण शेतात जी गाठ नको, तीच काठावर माती धरून बसते. महापुरात झाडे गेली तरी लव्हाळा वाचतो, असे आपण लहानपणापासून ऐकतो. तो वाकतो म्हणून वाचतो हे खरे, पण पात्याचे काहीही झाले तरी गाठ जमिनीत शाबूत असते, म्हणूनही वाचतो. खोदाई यंत्राची बकेट गाठीसकट तीन फूट माती उचलून ट्रॉलीत टाकते, तेव्हा पुन्हा उगवायला काही शिल्लक राहत नाही. कितीही पूर आले तरी जे टिकले, ते दोन दिवसांत जाते. वाळू आणि माती उपशाने सीनेचा आणि भीमेचा काठ असाच कितीतरी ठिकाणी उघडा पडला आहे.

भीमेबद्दलही एक काळजी आहे. सोलापूर शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी उजनीतून नदीत पाणी सोडले जाई, ते टाकळीपर्यंत वाहत येई. त्यात पाणी फार वाया जाते, ही तक्रार रास्त होती. उजनीहून येणाऱ्या समांतर जलवाहिनीने शहराला पाणी मिळावे, हे मलाही हवे. पण ऐन उन्हाळ्यात त्या आवर्तनांवर भीमेकाठची झाडेही जगत आली. शहराची सोय नळाने झाल्यावर नदीचा वाटा शून्य होऊ नये. आवर्तनाचे वेळापत्रक ठरवताना ‘काठासाठी’ अशी एक ओळ असावी, एवढेच म्हणणे आहे.

झाडे लावू, असे उत्तर लगेच मिळते. जरूर लावा, पण काय आणि कुठे ते पाहून. आमच्या काठावर एकदा कडुनिंब आणि गुलमोहर लावले होते. कडुनिंब माझ्या दारात आहे, मला प्रिय आहे, पण मुळांत साचलेले पाणी त्याला सोसत नाही. काठावर करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन, वाळुंज, निरगुडी हवी. पाणी तुंबलेले त्यांना चालते. वाळुंजाचा आणि निरगुडीचा दांडा मृगात ओल्या मातीत खोचला तरी फुटतो, त्याला रोपवाटिका लागत नाही. आणि संख्या भरायची म्हणून माळरानावर खड्डे काढू नयेत. नान्नजच्या अभयारण्यातला माळढोक पक्षी ज्या गवतावर जगला, ते गवत या जिल्ह्याचे मोठे धन आहे. झाडांची जागा नदीकाठी आहे, तिथली झाडे तोडून ती माळावर लावणे हा उलटा न्याय झाला.

पुराचे काम करणाऱ्यांकडे माझी मागणी मोठी नाही. पात्रातला गाळ काढा, मोऱ्या मोकळ्या करा, पण कड्यापासून शेताच्या बाजूला काही हातांची पट्टी मुळासकट राहू द्या. त्या पट्टीपायी ज्याची सरी-दोन सरी जमीन जाईल, त्याला मोबदला द्या. नाहीतर कोणी राखणार नाही आणि त्याला दोषही देता येणार नाही. काठाच्या झाडांची मोजणी कामाआधी ग्रामसभेसमोर ठेवा.

आमच्या ओढ्यावर अजून यंत्र आलेले नाही. चुन्याची रेघ करंजांच्या पलीकडून, म्हणजे शेताच्या बाजूने गेली आहे. ती करंजांच्या अलीकडे, पाण्याच्या बाजूला घेतली तरी पात्राची रुंदी तीन-चार हातांनीच कमी होते, मी काठी धरून मोजले आहे. काम सुरू होण्याआधी संबंधितांनी एकदा वळणावर येऊन दोन्ही काठ शेजारी शेजारी पाहावेत आणि ती रेघ पुन्हा आखावी, ही कळकळीची विनंती.

आपली नम्र,
सीनेकाठची एक शेतकरी वाचक,
ता. मोहोळ, जि. सोलापूर