पॅसिव्ह व्हॉइस येतो, परिच्छेद येत नाही

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचा निकाल लागला की वाचकांच्या पत्रांत दरवर्षी एक तक्रार ठरलेली असते: मुलांना इंग्रजीत भरघोस गुण पडतात, पण चार ओळी धड लिहिता येत नाहीत. त्यावर कुणीतरी लिहितेच की हल्ली शाळेत व्याकरण शिकवत नाहीत. एकतीस वर्षे महाविद्यालयात इंग्रजी शिकवून मी निवृत्त झाले आहे आणि हे निदान मला साफ चुकीचे वाटते. व्याकरण शिकवतात, भरपूर शिकवतात. 'रिमूव्ह टू' (वाक्यातला 'too' काढा) म्हटले की शेवटच्या बाकावरचा मुलगाही झोपेत 'सो... दॅट... कॅनॉट' म्हणेल. चहा इतका गरम आहे की पिता येत नाही, हे वाक्य त्याने शंभरदा उलटेसुलटे केलेले असते. त्याच्या घरच्या चहाविषयी एक ओळ लिही, असे मात्र त्याला बारा वर्षांत कुणी सांगितलेले नसते.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीतली एक मुलगी माझ्याकडे येऊ लागली. मराठी माध्यमात शिकलेली, बारावीला इंग्रजीत चांगले गुण, आता बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. प्रकल्पाचा अहवाल इंग्रजीत लिहायचा होता. विषय रब्बी ज्वारी आणि जमिनीतली ओल. पहिल्याच पानावर वाक्य होते, 'ऑलदो रेन वॉज लेस, बट यील्ड वॉज गुड.' सवयीने मी 'बट'वर काट मारायला पेन उचलले, आणि मग खाली ठेवले. म्हटले, "अगं, इंग्रजी राहू दे बाजूला. तुला म्हणायचंय काय, ते सांग."

ती म्हणाली, "मॅडम, पावसाळ्यात पाऊस कमीच झाला, पण परतीचा वेळेवर पडला ना. आमचं रान काळं, ओल धरून ठेवणारं. त्या ओलीवर ज्वारी आली. माळाच्या हलक्या रानात नाही आली."

संपादक महोदय, अहवालाचा सगळा ऐवज या चार वाक्यांत होता. कारण होते, तुलना होती, कुठे हे लागू पडत नाही तेही होते. कागदावर त्यातले काही उतरले नव्हते. जेवढे बिनचूक लिहिता येईल असे वाटले तेवढेच ती लिहीत होती, आणि तेही चुकले होते. 'बट' खोडून मी वही परत केली असती तर वाक्य शुद्ध झाले असते आणि ज्वारी तिथेच वाळून गेली असती.

आता त्या 'बट'विषयी. मराठीत 'जरी' म्हटले की पाठोपाठ 'तरी' येणार, 'जर'मागे 'तर', 'जसा'मागे 'तसा'. आपली भाषा जोडीने चालते. इंग्रजीला त्या जागी एकटे अव्यय पुरते. एवढे सांगितल्यावर पुढच्या पानावरच्या 'बिकॉज... सो...' मधला 'सो' तिनेच खोडला. 'इट इज डिपेंड ऑन रेनफॉल' हे दुसरे जुनाट दुखणे. 'अवलंबून आहे' यातला 'आहे' कुठे ठेवायचा, असा तो प्रश्न असतो. 'मी सहमत आहे' म्हणून 'आय ॲम ॲग्री'. 'मी कालच आलोय' हे मराठीत अगदी सरळ वाक्य. त्याचे 'आय हॅव कम यस्टरडे' केले की इंग्रजीत चालत नाही. हा आळस नव्हे. ज्याला मराठी चांगली येते त्याच्याच या चुका आहेत. पिट कॉर्डर नावाच्या ब्रिटिश भाषावैज्ञानिकांनी १९६७ सालीच मांडले होते की विद्यार्थ्याची चूक म्हणजे तो भाषा कशी शिकतो आहे याचा पुरावा. आपण तो पुरावा लाल शाईने पुसून टाकतो.

इंग्रजीतल्या 'अ' आणि 'द' या उपपदांचेच पाहा. मराठीत उपपदे नाहीत, म्हणून ती आपल्या मुलांना कळणारच नाहीत, असे माझे सहकारी हताशपणे म्हणत. मी फळ्यावर लिहायची: 'एका गावात एक राजा होता. राजाला दोन राण्या होत्या.' पहिल्यांदा 'एक राजा', दुसऱ्यांदा नुसता 'राजा'. दुसऱ्या वाक्यातही 'एका राजाला' म्हटले तर? वर्ग हसायचा, कारण मग तो दुसराच कुणी राजा झाला. हे हसू म्हणजेच उपपदाची समज. ओळख झालेला आणि ओळख न झालेला यांतला फरक आजीच्या गोष्टीतच कळलेला असतो. इंग्रजीत त्या जागी कोणता शब्द बसवायचा, इतकेच शिकवायचे उरते.

एकदा तपासणीला आलेल्या समितीने हाच तास पाहिला. शेरा आला: 'इंग्रजीच्या तासिकेत मराठीचा वापर टाळावा.' फळ्यावरच्या राजाकडे कुणी पाहिले नाही. मी तो शेरा बरीच वर्षे मनाला लावून घेतला होता, हे कबूल करते. त्या काळात मी तासाला अस्खलित इंग्रजी बोलले आणि मुले अस्खलित गप्प बसली.

कर्मणी प्रयोग, म्हणजे पॅसिव्ह व्हॉइस, हे तर व्याकरणाच्या पेपरातले हमखास गुण. 'रामाने रावणाला मारले' याचे 'रावण रामाकडून मारला गेला' सगळ्यांना येते. पण का फिरवायचे? प्रयोगशाळेच्या अहवालात 'द सॅम्पल वॉज ड्राइड' असे का लिहितात, हे विचारले की वर्ग गार. आपल्या अंकात रोज छापून येते, 'आरोपीला अटक करण्यात आली.' कोणत्या हवालदाराने केली, हे कुणी विचारत नाही, कारण बातमी आरोपीची असते. मातीचा नमुना कुणी वाळवला हेही तसेच बिनमहत्त्वाचे. बोलणे मातीविषयी चालले आहे. म्हणून माती वाक्याच्या तोंडाशी येते. वर्तमानपत्राचे एक कात्रण आणि अहवालाचे एक पान शेजारी ठेवले की अर्ध्या तासात हे समजते. त्याऐवजी आपण मुलांना दहा वर्षे राम-रावण इकडून तिकडे हलवायला लावतो.

वह्या तपासण्याचा मुद्दा इथेच येतो. व्याकरणाच्या चुका दुरुस्त करून लेखन सुधारत नाही, उलट नुकसानच होते, तेव्हा ते थांबवा, असे जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ साली ठणकावून लिहिले. १९९९ मध्ये डेना फेरिस यांनी त्यांना उत्तर दिले की इतका टोकाचा निष्कर्ष काढण्याजोगा पुरावा नाही. निवडक आणि स्पष्ट दुरुस्ती उपयोगी पडते. मला दोघांचेही पटते. एका पानावर सत्तावीस लाल खुणा करून वही दिली की मुलगा गुण पाहतो आणि वही मिटतो, हे मी आयुष्यभर पाहिले. शेवटच्या काही वर्षांत एका खेपेला एकच चूक धरायची असे ठरवले. या आठवड्यात फक्त 'जरी-तरी'. बाकी कितीही चुकले तरी डोळे मिटायचे (फार जड जाते). शंभरावर मुलांच्या तुकडीत सगळ्या वह्या शक्यच नसतात, म्हणून दहा घ्यायच्या, त्यांतली पाच वाक्ये नाव न सांगता फळ्यावर मांडायची आणि वर्गानेच ती दुरुस्त करायची. मग प्रत्येकाने आपला परिच्छेद पुन्हा लिहायचा. दुसऱ्यांदा लिहिणे हे सगळ्यात महत्त्वाचे, आणि आपल्या परीक्षेत त्याला शून्य गुण आहेत.

त्याची किंमत पुढे मोजावी लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधाचे दुसऱ्यांच्या मजकुराशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचा, ४० ते ६० टक्क्यांना सुधारित प्रबंध देण्यास वर्षभर मनाई आणि त्यापुढे नोंदणीच रद्द. नियम योग्यच आहे. पण दुसऱ्याचे म्हणणे आपल्या शब्दांत कसे मांडायचे, श्रेय कसे द्यायचे, हे ज्यांना कधी शिकवलेच नाही ती मुले टक्का उतरवण्यासाठी शब्दकोश घेऊन बसतात. माझ्याकडे आलेल्या एका प्रबंधात 'ब्लॅक कॉटन सॉइल'चे 'डार्क कॉटन अर्थ' झाले होते. हसू नका, २०२१ मध्ये काही संशोधकांनी दाखवून दिले की छापून आलेल्या शोधनिबंधांतही 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चे 'काउंटरफिट कॉन्शसनेस' झालेले आहे. आता मोबाइल क्षणात गुळगुळीत इंग्रजी लिहून देतो, हे खरे. पण त्याला हलके रान आणि काळे रान यांतला फरक आधी कुणीतरी सांगावा लागतो, आणि तो सांगायची सवयच आपण लावलेली नाही.

आमच्या आजोबांची पिढी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचे धडे गिरवून इंग्रजी शिकली. 'तर्खडकरी इंग्रजी' म्हणून आपण त्याची थट्टा करतो. पण मराठी वाक्य समोर ठेवून इंग्रजी वाक्य घडवायचे, ही त्यातली युक्ती लाखमोलाची होती. आपण तीच फेकून दिली. २००० सालापासून राज्यात पाचवीऐवजी पहिलीपासून इंग्रजी आले. त्या वर्षी पहिलीत असलेली मुले आता तिशीत आहेत, नोकरीतले ईमेल गूगलवर शोधून लिहितात. वर्षे वाढवली, पद्धत तीच राहिली.

मंडळाकडे आणि विद्यापीठांकडे माझे मागणे मोठे नाही. व्याकरणाच्या गुणांतले निम्मे काढा आणि मुलांनी स्वतः लिहिलेल्या, चुकलेल्या आणि पुन्हा लिहिलेल्या एका परिच्छेदाला द्या. दोन्ही खर्डे वहीत चिकटलेले असले पाहिजेत. गाईडमध्ये पहिला खर्डा मिळत नाही. नव्या शैक्षणिक धोरणातल्या भाषा-क्षमतेच्या अभ्यासक्रमांत पुन्हा पत्राचा नमुना आणि अर्जाचा नमुना भरू नका. आणि वर्गात मराठी बोलणाऱ्या इंग्रजीच्या शिक्षकाला शेरा देऊ नका.

त्या मुलीच्या वाक्याचे पुढे काय झाले, हे विचाराल म्हणून सांगते. तिसऱ्या खर्ड्यात ते असे होते: 'ऑलदो द मॉन्सून वॉज वीक, द ब्लॅक सॉइल हेल्ड द मॉइश्चर ऑफ द लेट रेन्स, अँड द जवार सर्व्हाइव्ह्ड.' त्याच पानाच्या तळाशी 'इट इज डिपेंड' अजून एकदा डोकावत होते. मी तिकडे बोट दाखवले नाही. पुढच्या रविवारी ती आली तेव्हा पेन्सिलीने खोडलेले होते.

आपली नम्र,
एक निवृत्त इंग्रजी प्राध्यापिका, बार्शी
(कृपया नाव छापू नये.)

ता. क. जागेअभावी पत्र कापावे लागले तर तर्खडकरांचा परिच्छेद कापा, ज्वारीचा ठेवा.