सरपंचबाईला दोन दिवसाचं ट्रेनिंग कसं पुरणार?

माननीय संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागे सरपंच पतींवर बातम्या आल्या होत्या, केंद्राच्या समितीने म्हणे शिफारस केलीय की बायकोच्या नावावर कारभार करणाऱ्या नवऱ्यांना जबर दंड करा. वाचून आमच्या घरी हसणं झालं कारण मी स्वतः 2017 ते 2022 सरपंच होते आणि पहिले सहासात महिने आमच्याकडे पण तोच प्रकार. मिस्टर मासिक सभेला यायचे, बाजूला खुर्ची टाकून बसायचे, सगळं बोलायचे तेच आणि सही तेवढी माझी. दंड केला असता तर भरला असता आम्ही, पण त्याने मला कॅशबुक वाचता आलं असतं का?

नवरे हौसेने घुसतात हे खरंच आहे, नाही म्हणत नाही. पण बऱ्याच घरात बाईच म्हणते की चला ना तुम्ही बरोबर, कारण समोर काय चाललंय तेच कळत नसतं. आमचं ट्रेनिंग तालुक्याच्या गावी एका हॉलमध्ये दोन दिवस झालं. शंभरावर माणसं, माईक खरखरतोय, पडद्यावर स्लाईड, 73वी घटनादुरुस्ती, 1993 पासून महिलांना एक तृतीयांश जागा, 2011 ला महाराष्ट्राने निम्म्या केल्या. सगळं बरोबर आणि अभिमानाचं पण आहे, पण उद्या सकाळी ऑफिसात गेल्यावर कुठलं रजिस्टर आधी मागायचं ते कोणीच सांगितलं नाही. फाईल, पेन आणि एक बॅग मिळाली. जेवण चांगलं होतं.

तेव्हा आमच्याकडे पेमेंट चेकने व्हायचं. ताई तुम्हाला उगाच हेलपाटे नकोत, दोनचार कोऱ्या चेकवर सह्या करून ठेवा असं मला अगदी प्रेमाने सांगण्यात आलं आणि मी दोन केल्या पण!! आता बऱ्याच पेमेंटला डिजिटल सहीचा डोंगल, म्हणजे ती सही करायचा पेनड्राईव्हसारखा तुकडा आलाय, तर कित्येक सरपंचांचा डोंगल दुसऱ्याच्याच ड्रॉवरमध्ये असतो आणि पासवर्ड पण त्यालाच पाठ. वस्तू बदलली, बाकी तेच.

मला खरं शिकवलं ते शेजारच्या गावच्या एका माजी सरपंच काकींनी. चौथी शिकलेल्या. ओसरीवर बसवून कॅशबुक आणि बँकेचं पासबुक शेजारी शेजारी ठेवलं आणि म्हणाल्या, महिनाअखेर दोन्हीकडची शिल्लक जुळव, नाही जुळली तर का नाही ते विचार आणि उत्तर मिळेपर्यंत उठू नको. प्रोसिडिंग म्हणजे सभेचे ठराव लिहायची वही, ती वाचल्याशिवाय सही नाही आणि सही करताना शेवटच्या ठरावाखाली जागा कोरी राहिली असेल तर तिथे रेघ मारायची म्हणजे मागाहून कोणी एक ठराव आत सरकवणार नाही. ठरावाला सूचक कोण अनुमोदक कोण ते नावानिशी लिहून घ्यायचं. आणि कोरमची, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान हजेरीची गंमत पण त्यांनीच सांगितली. ग्रामसभेला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 यातली जी संख्या कमी तेवढी माणसं लागतात, पण सभा तहकूब झाली की पुढच्या सभेला कोरमची अट नाही. म्हणून नको असलेला विषय असला की पहिल्या सभेला माणसंच येऊ द्यायची नाहीत आणि तहकूब सभेत दहाजणात उरकायचं. हे कुठल्या स्लाईडवर नव्हतं हो. असणार पण नाही.

त्यानंतर मी एक केलं. मोठ्या ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घ्यायची असते, ती आमच्याकडे नुसती सह्यांपुरती व्हायची, ती मी खरोखर भरवली, संध्याकाळी, स्वयंपाक उरकल्यावर. तिथे पाण्याच्या वेळेचा विषय पक्का झाला आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या सभेत पन्नाससाठ बायका एका बाजूला बसल्या की आपोआप आवाज बदलतो. मिस्टरांची खुर्ची नंतर मागच्या ओळीत गेली. मग ते यायचेच बंद झाले, म्हणाले कंटाळा येतो.

अजून एक अडचण थेट सरपंचाची. 2017 ला सरपंच थेट जनतेतून निवडायला लागले, मधे 2020 ला ते रद्द झालं, 2022 ला परत आलं. आमच्या पहिल्याच खेपेला मी आले निवडून पण नऊपैकी पाच सदस्य समोरच्या पॅनेलचे. म्हणजे खुर्ची माझी पण मासिक सभेत बहुमत त्यांचं. आता यांना बरोबर घेऊन काम कसं काढायचं हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये आहे? मी पहिली गटार त्यांच्या वॉर्डात घेतली. आमचीच माणसं महिनाभर बोलत नव्हती माझ्याशी. पण त्यानंतर 2020 च्या लॉकडाऊनमध्ये मुंबई पुण्याहून माणसं आली, शाळेत विलगीकरण करायचं होतं आणि गाव विरोधात होतं, तेव्हा त्याच पाचातले दोघेजण रात्री माझ्याबरोबर शाळेत उभे राहिले. केंद्राकडून 15व्या वित्त आयोगाचा पैसा आला त्यातला 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला, लोक ओरडतात रस्ता करा रस्ता करा, तेव्हा चौकात उभं राहून ते समजावून सांगायला पण तेच पुढे.

आणि हे सगळं जमायला लागलं तोवर पाच वर्षं संपली, आरक्षण बदललं आणि मी घरी. चार्ज दिला म्हणजे काय तर शिक्के, किल्ल्या, दप्तर आणि यादीवर सह्या. जे शिकले ते यादीत नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की हॉलमधलं ट्रेनिंग कमी करा आणि त्या पैशातून माजी महिला सरपंचांना भत्ता देऊन नव्या सरपंचाबरोबर पहिलं वर्षभर महिन्यातून एक दिवस बसवा, तिच्याच पंचायतीत, तिचंच कॅशबुक समोर घेऊन. शेजारच्या गावची बाई असली तर उत्तम, म्हणजे गावातलं राजकारण आड येत नाही. आणि बचत गटांच्या अध्यक्ष सचिवांना निवडणुकीच्या आधीच हे शिकवा, त्यांना हिशोब आणि कर्जवसुली आधीच येते, फॉर्म भरायला त्याच पुढे येतील. बायकांना जमत नाही असं म्हणणाऱ्यांना सांगते, बारामती तालुक्यात निंबूतला साठच्या दशकातच सगळ्या बायकांची पंचायत होती आणि जळगाव जिल्ह्यात विटनेरला 1989 ला बायकांचं अख्खं पॅनेल निवडून आलं होतं, आरक्षण कायद्यात यायच्या आधी.

आमच्या गावची आताची सरपंच समोरच्या पॅनेलची आहे, वयाने माझ्या पुतणीएवढी. गेल्या महिन्यात अंधार पडल्यावर पदराआड पासबुक घेऊन आली, काकू जरा बघता का म्हणाली. ग्रामनिधीच्या, म्हणजे पंचायतीच्या स्वतःच्या पैशाच्या खात्यात साडेतीन हजाराचा फरक होता. दोघी तासभर बसलो. एक चेक दिलेला होता तो अजून वटलाच नव्हता.

आपली,
एक माजी सरपंच, जि. सातारा