अनफिट असले तरी तपासणी चुकवता येत नाही

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, फोनवर तुम्ही विचारलंत ते रास्तच आहे. गुडघ्याचा लिगामेंट फाटलाय, पळायचं नाही, ओझं उचलायचं नाही, मग अमेरिकेचे आर्मी रिझर्व्हवाले (लष्कराचं अर्धवेळ दल) मला दर महिन्याला बोलावतात कशाला? फोनवर हे धड सांगून होत नाही, मधेच आईचं "सोडून दे ते सगळं" सुरू होतं. म्हणून लिहून पाठवते.

अनफिट आहे की नाही हे मी ठरवत नाही, माझा इथला हाडांचा डॉक्टरही ठरवत नाही. बाहेरच्या डॉक्टरची चिठ्ठी हा लष्कराच्या लेखी नुसता पुरावा. तो बघून लष्कराचा डॉक्टर 'प्रोफाइल' लिहितो आणि तेच चालतं. शरीराचे सहा भाग धरतात: एकूण ताकद, हात-खांदे, पाय-कंबर, कान, डोळे आणि मन. प्रत्येकाला १ ते ४ आकडा मिळतो. १ म्हणजे ठणठणीत. ३ किंवा ४ आला की कामावर मोठी बंधनं. माझा पायांचा आकडा सध्या तात्पुरता ३ आहे. पळणं, उड्या आणि पाठीवर वजन घेऊन चालणं बंद, बसून करायचं काम चालू. म्हणजे हजेरी माफ नाही, फक्त कामाचा प्रकार बदलला.

महिन्याचा तो शनिवार-रविवार, म्हणजे आमचं 'ड्रिल', कागदोपत्री चार हजेऱ्यांचा असतो आणि त्याचा चार दिवसांचा मूळ पगार मिळतो, टेबलावर बसून काम केलं तरी. आजारपणासाठी सुट्टी मिळते, पण डॉक्टरचं पत्र लागतं आणि कमांडरची मंजुरीही. न सांगता मारलेल्या दांड्या बारा महिन्यांत नऊ झाल्या की सैनिक 'असमाधानकारक' ठरू शकतो. नऊ आकडा मोठा वाटतो, पण दोन वीकएंड बुडवले की आठ झालेच. मग नाव कमी होण्यापर्यंत गोष्ट जाते. "मी तर आजारीच होते" हे तेव्हा सांगून उपयोग नाही, कागद आधी गेलेला असावा लागतो.

आता तपासण्या. वर्षातून एकदा आरोग्य-आढावा असतो, त्याला सगळे पीएचए म्हणतात. त्याचे दोन भाग. पहिला घरबसल्या ऑनलाइन भरायचा लांबलचक फॉर्म: औषधं, शस्त्रक्रिया, झोप, दारू, मनःस्थिती. दुसऱ्या भागात वैद्यकीय अधिकारी फोनवर, व्हिडिओवर किंवा समोरासमोर बोलतो. पुष्कळ जण फॉर्म भरून निवांत होतात आणि पुढचा फोन अनोळखी नंबर म्हणून उचलत नाहीत. मग आढावा अपूर्णच राहतो. शिवाय दातांची तपासणी दर वर्षी, एचआयव्हीची रक्तचाचणी दोन वर्षांतून एकदा, कान, डोळे, लसी. आढावा किंवा दात यांची मुदत टळली की सैनिक 'स्थिती अज्ञात' या सगळ्यात खालच्या गटात जातो. गंमत बघा, दुखरा गुडघा व्यवस्थित नोंदवलेली मी परवडते; धडधाकट असून दात न दाखवलेला शिपाई कमांडरला जास्त डोकेदुखी.

फॉर्म भरताना नेहमीची चूक एकच, सगळीकडे 'नाही' लिहिणं. काही जण भीतीपोटी लिहितात, काही जण कंटाळून. पुढे गुडघा बिघडला की तोच फॉर्म समोर येतो: तेव्हा तर दुखत नव्हतं म्हणालात! औषधांचंही तसंच. चालू असलेली प्रत्येक गोळी लिहायची, आयुर्वेदिकसुद्धा.

तात्पुरत्या प्रोफाइलवर शेवटची तारीख असते. ती उलटली की सिस्टीममध्ये माणूस आपोआप बरा होतो, गुडघा कसाही असो. दुसऱ्या दिवशी कोणी पळायला लावलं तर दाखवायला हातात काही नसतं. म्हणून पुढची भेट मुदत संपायच्या आधीची घ्यायची आणि जाताना ताजे कागद न्यायचे: एमआरआयचा लेखी अहवाल, सर्जनची टिपणं, फिजिओथेरपीच्या नोंदी. नुसतं 'विश्रांती घ्यावी' लिहिलेली चिठ्ठी कामाची नाही. किती वजन, किती वेळ उभं राहणं, जिना चढता येतो का, गुडघा किती अंशांत वाकतो, हे त्यात हवं. शारीरिक चाचणीची काळजी मात्र करू नका. प्रोफाइल संपल्यावर जितके दिवस ते होतं त्याच्या दुप्पट दिवस तयारीला मिळतात, जास्तीत जास्त ९०.

आई, तुझा खरा प्रश्न "काढून टाकतील का" हा आहे, मला कळतं. एकाच दुखण्यासाठी तात्पुरतं प्रोफाइल साधारण बारा महिन्यांपर्यंत चालतं. तोवर सुधारणा झाली नाही की डॉक्टरांना ते कायमचं करावं लागतं. कायमचा ३ किंवा ४ आला तरी लगेच घरी पाठवत नाहीत. नोकरीत राहण्याचे निकष पूर्ण होत असतील, तर आहे ते काम जमेल का की दुसरं द्यायचं, एवढंच बघतात. निकषच पूर्ण होत नसतील तर प्रकरण वैद्यकीय बोर्डाकडे जातं, आणि तिथे दुखापत कामावर झाली की घरी, यावर सगळं ठरतं. कामावरची असेल तर अपंगत्वाची टक्केवारी, भरपाई, पेन्शन यांचा विचार होतो. घरची असेल तर बोर्ड फक्त फिट की अनफिट एवढं सांगतं, पैसा नाही. ज्यांची पंधरा वर्षं भरलीत त्यांना निवृत्त रिझर्व्हमध्ये जाऊन साठाव्या वर्षापासून पेन्शन घेता येते. माझ्या बाबतीत तो प्रश्न अजून लांब आहे.

म्हणून 'लाइन ऑफ ड्यूटी'चा कागद सगळ्यात मोलाचा. दुखापत कामावर, किंवा ड्रिलला थेट जाता-येता झाली, हे त्याने सिद्ध होतं. ड्यूटी संपल्यापासून १८० दिवसांत तो मागावा लागतो. माझा झालाय, काळजी नसावी. "थोडं मुरगळलंय, होईल बरं" म्हणत वाट बघणारे इथेच फसतात: सहा महिन्यांनी एमआरआयमध्ये फाटलेला लिगामेंट दिसतो आणि तो ड्रिलवर फाटला याचा एकही पुरावा नसतो. बाबा, पुण्यात येऊन ऑपरेशन करून घे म्हणता, ते याच कारणाने आत्ता नको. या कागदावरचे उपचार आधी मंजुरी घेऊन करायचे असतात. परस्पर केलं तर बिल आपलं.

तुमच्याकडून दोन-तीन गोष्टी हव्यात. कपाटातल्या फायलीतलं माझं लसीकरणाचं कार्ड आणि कॉलेजात असतानाचे पायाचे एक्स-रे, केसपेपर सगळे स्कॅन करून पाठवा. निवडानिवड करू नका. दुखणं भरतीच्या आधीचं तर नाही ना, हे बोर्ड विचारणारच. जुना एक्स-रे स्वच्छ असेल तर तोच आपला साक्षीदार. मराठीत लिहिलेला कागद असेल तर त्याच डॉक्टरांकडून इंग्रजीत लिहून घ्या. औषधाचं दुकानातलं नाव इथे कुणाला कळत नाही, त्यातल्या घटकाचं नाव आणि मात्रा मिलिग्रॅममध्ये हवी.

आणि आई, गुडघ्यासाठी डिंकाचे लाडू कुणाच्या हाती पाठवशील तर खसखस अजिबात घालू नकोस. अनारसेही नकोत. खसखशीच्या दाण्यांना काढणीच्या वेळी कोडीन लागलेलं असू शकतं आणि लघवीच्या चाचणीत ते अमली पदार्थ म्हणून दिसतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये संरक्षण खात्याने सैनिकांना खसखस टाळायला सांगितलंय. ड्रिलच्या दिवशी अचानक नमुना मागतात, तिथे "आईने लाडू दिले होते" हे कोण ऐकणार? वैद्यांची भस्मंही नकोत, त्यात शिसं निघालं तर आणखी एक तपासणी मागे लागेल. खोबरं, खारीक, मेथी कितीही घाल.

कागद स्कॅन करायला शेजारच्या दुकानात देऊ नका, फोनमधूनच काढा. पान सपाट ठेवा, चारही कोपरे दिसू द्या आणि तारीख वाचता येतेय ना ते बघा. पुढच्या भेटीच्या आधी मिळाले तर बरं.

तुमची,
धाकटी