काकींच्या कार्डिओग्रामबद्दल

देवगड

प्रिय दिनू,
सप्रेम नमस्कार.

काल फोनवर तुझा आवाज ऐकला आणि रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. काकींच्या कार्डिओग्रामवर मशीनने ‘अ‍ॅबनॉर्मल’ आणि ‘राइट बंडल ब्रँच ब्लॉक’ छापलंय. ‘ब्लॉक’ वाचून तू थेट बायपासच्या खर्चापर्यंत पोचलास. अरे, हा ब्लॉक रक्तवाहिनीतला नव्हे. विहिरीवरच्या पंपाचा पाइप तुंबणं वेगळं आणि त्याच्या वायरीत खोट असणं वेगळं. हृदयाच्या उजव्या कप्प्याकडे वीज नेणारी वाट अडलीय, म्हणून ती डावीकडून वळसा घालून जरा उशिरा पोचते. धडधाकट माणसांतही हे सापडतं.

आमच्या अण्णांचं नेमकं उलटं झालं होतं. गेल्या हंगामात आंब्याच्या पेट्या भरताना छातीवर धोंडा ठेवल्यासारखं झालं, बनियन घामाने चिंब. कार्डिओग्रामची पहिली पट्टी नॉर्मल! मी त्यांना घरी न्यायला निघालो होतो. डॉक्टरीणबाईंनी अडवलं. म्हणाल्या, “ही पट्टी दहा सेकंदांची आहे, दुखणं तासाभराचं.” ट्रोपोनिनसाठी, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झालीय का ते बघायला, रक्त घेतलं आणि अर्ध्या तासाने पट्टी पुन्हा काढली. उंच टोकानंतरची जी रेघ सपाट हवी, ती दोन बारीक चौकोन वर चढलेली. त्यांनी पेनाने दाखवली. ती रेघ मी विसरणार नाही. पुढची अँजिओप्लास्टी तुला ठाऊकच आहे.

त्यांनी जुनी पट्टीही मागितली होती. टिकावी म्हणून मी ती लॅमिनेट करून घेतली होती. थर्मल कागद, उष्णतेने सगळा काळाकुट्ट. अजून जीव हळहळतो. कारण नवं काय नि जुनं काय, हे जुन्या पट्टीशेजारी ठेवल्यावरच नीट कळतं.

म्हणून काकींची जुनी फाइल शोध. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी कार्डिओग्राम काढला असेलच. त्यातही हाच ब्लॉक असला तर डॉक्टरांचं काम निम्मं होईल. नसला तर तेही सांगायलाच हवं. धाप लागते का, चक्कर येते का, हे काकींना स्वतः विचार. त्या आपणहून बोलणार नाहीत. टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, लागेल का, हे डॉक्टरांना विचार. नव्या पट्टीची आजच झेरॉक्स काढ. आणि छातीत दुखलंच तर कागद बघत बसू नकोस, १०८ लाव.

शनिवारी मी येतोय. फाइल तोवर काढून ठेव.

तुझा,
बाळा