मदतीचा डबा आणि फळ्यावरची नावं

महोदय,

कुठे पूर आला, दुष्काळ पडला की आपल्या पानांवर एक बातमी हमखास येते : चिमुकल्यांनी खाऊचे पैसे दिले. सोबत फोटो, पुढे धनादेश, मागे रांगेत उभी केलेली मुलं. त्यामागची भावना चांगलीच असते. पण पहिली-दुसरीला शिकवण्यात एकवीस वर्षं गेल्यावर तो फोटो बघताना मला त्यात नसलेलं पोर आधी आठवतं, म्हणून हे पत्र.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेला पूर आला, सांगली-कोल्हापूर पाण्यात होतं. तेव्हा मी ज्या शाळेवर होते तिथे मदतीचा डबा ठेवला. परिपाठ झाला की कोणी किती आणले ते फळ्यावर लिहायचं, टाळ्या वाजवायच्या. लिहिणारा हात माझाच. एकाने पन्नास आणले, तर दुसऱ्या दिवशी शेजारच्याने शंभर. तिसऱ्या दिवसापासून वर्गातली एक मुलगी यायची बंद झाली. मी घरी गेले. आई म्हणाली, "पोट दुखतंय म्हणते, बाई." मुलगी दाराआड उभी होती. मी "चल गं" म्हटलं, तशी हळूच म्हणाली, "नावं लिहायची झाली का?"

त्या आठवड्यात बाकीची मुलं एकमेकांवर वरचढ व्हायला शिकली आणि ही लपायला. द्यायला कोणीच शिकलं नाही. ते मला अजून टोचतं.

आता माझ्या वर्गात खिडकीत बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा असतो. 'सगळ्यांचा डबा'. पेन्सिली, खोडरबर, रंगीत खडूचे तुकडे. जास्त असेल त्याने टाकायचं, नसेल त्याने घ्यायचं; कोणी टाकलं, कोणी घेतलं, विचारायचं नाही. पहिले पंधरा दिवस डबा संध्याकाळी रिकामा व्हायचा. मी रागावले नाही. सहा वर्षांचं मूल 'माझं, माझं' करतंच. हातात आपलं असं काही आहे याची खात्री पटल्याशिवाय त्याची मूठ सुटत नाही. मी रोज सकाळी गुपचूप चार पेन्सिली टाकत राहिले. तिसऱ्या आठवड्यात डब्यात एक अर्धी झिजलेली पेन्सिल निघाली. ती माझी नव्हती.

दिवाळीच्या सुमारास कारखाना सुरू झाला की बीडकडच्या ऊसतोड कुटुंबांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, गावाशेजारी पडतात. त्यांची काही पोरं हंगामभर आमच्या वर्गात बसतात. गेल्या हंगामात त्यातल्या एकाने पहिल्याच दिवशी डब्यातून खोडरबर नेला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बघते तर तो डब्यापाशी उभा, खोडरबर दातांत धरून मधोमध तोडतोय. अर्धा त्याने खिशात टाकला. उरलेला अर्धा चड्डीला पुसला आणि डब्यात ठेवला. त्यावर दातांचे वण होते. मी बघितलं हे त्याला कळू दिलं नाही.

आमच्याच कराड तालुक्यात, काले गावात, १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. वसतिगृहातल्या मुलांचं पोट भरावं म्हणून लोकांनी घरातलं मूठ-मूठ धान्य दिलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रही ठेवलं नाही. मी हे मुलांना सांगते, पण त्यांना भिडते ती मूठ. म्हणून शनिवारी मी घरून तांदूळ नेते. प्रत्येकाने आपली मूठ भरून बघायची आणि मग पातेल्यात सोडायची. इवलीशी मूठ, निम्मे दाणे बोटांतूनच सांडतात. पण चौतीस जणांचं झालं की पातेलं काठाशी येतं आणि मग आपली मूठ कुठली ते शोधायला सगळे डोकी आत घालतात.

मुख्याध्यापकांना आणि माझ्या शिक्षक बंधू-भगिनींना विनंती आहे, मुलांकडून मदत जरूर गोळा करा, पण नावांच्या याद्या, आकडे, 'सर्वाधिक देणारा' म्हणून बक्षीस, हे पहिली-दुसरीपुरतं तरी बंद करा. देण्याइतकंच, मान खाली न घालता घेणंही वर्गात शिकवा. आज घेणाराच उद्या अर्धा खोडरबर परत आणतो. आणि संपादक महोदय, आपणही बातमीत शाळेचं नाव छापा, पण कोणत्या मुलाने किती रुपये दिले ते गाळा. फोटो हवाच असेल तर आमच्या खिडकीतल्या डब्याचा घ्या. झाकणाला गंज चढलाय, पण आत काल सात पेन्सिली होत्या.

— एक प्राथमिक शिक्षिका,
ता. कराड, जि. सातारा