आयुक्तसाहेब, कोनशिला राहू दे, माळी द्या

माननीय आयुक्त,
कोल्हापूर महानगरपालिका

सप्रेम नमस्कार.

अंदाजपत्रकाचे दिवस आले की कुणीतरी मोठ्या क्रीडासंकुलाचं नाव काढतंच. संकुलाला माझा विरोध नाही. पण पैसा कमी असेल (आणि तो कधी जास्त होता?), तर आधी आहेत त्या मैदानांवर, तालमीतल्या कुस्तीच्या मातीच्या हौदांवर आणि पोरांना शिकवणाऱ्या माणसांवर खर्च करा, एवढंच सांगायला हे पत्र.

मी तालमीत वाढलो. पैलवान झालो नाही, ते सोडा. पण हौद उकरायची पाळी चुकली नाही. पहाटे खोऱ्यानं लाल माती खालवर करायची, अधूनमधून तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबाचा रस मुरवायचा. चार दिवस हात फिरला नाही की माती दगडासारखी बसते आणि मग कुणाचा तरी खांदा जातो. हौद बांधायचा खर्च एकदाच. माती जिवंत ठेवायचं काम रोजचं. मैदानाचंही तसंच. पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, खडे वेचायचे. यात फीत कापण्यासारखं काही नसतं, म्हणून असली कामं कागदावर नेहमी तळाशी जातात.

शाहू महाराजांनी खासबाग मैदान उभं केलं, ते आपण पाहुण्यांना कौतुकानं दाखवतो. पण महाराज नुसतं मैदान बांधून थांबले नाहीत. तालमींना मदत दिली, मल्लांना आश्रय दिला, खुराकाची सोय लावली. माणूस आधी, दगड नंतर.

उलट बाजूची गोष्टही याच गावातली. खाशाबा जाधव गोळेश्वरचे, पण शिकले इथं, राजाराम कॉलेजात. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ही गोष्ट सांगताना आपली छाती फुगते. मला मात्र ती ऐकताना थोडी लाजही वाटते. दर पिढीला घर गहाण टाकणारा प्राचार्य आणायचा कुठून?

आता माझ्या घरातलं सांगतो. माझी भाची तेरा वर्षांची, फुटबॉल खेळते. (आपल्याकडं फुटबॉल संघांची नावंही तालमींचीच, पाटाकडील, दिलबहार, खंडोबा. बाहेरच्यांना याचं भारी नवल वाटतं.) ती जाते त्या मैदानाचं नाव लिहीत नाही. तिथं मुलींसाठी स्वच्छतागृह नाही. म्हणून ही पोरगी दुपारी तीननंतर पाण्याला तोंड लावत नाही, मार्चच्या उन्हातसुद्धा. घरी आली की बूट न काढताच आत पळते. सुरुवातीला तिच्याबरोबर अकरा जणी होत्या, आता चार उरल्यात. याच गावच्या तेजस्विनी सावंत २०१० साली नेमबाजीत जगज्जेत्या झाल्या, राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं. त्यांचे फोटो पोरींच्या वहीत आहेत. मैदानावर आडोसा नाही.

यंदा प्रत्येक मैदानाला एक माळी आणि एक रखवालदार द्या. मुलींसाठी कडी लागणारी, नळाला पाणी असलेली खोली द्या. फुकटात शिकवणाऱ्या वस्तादांना आणि कोचना महिन्याचं मानधन द्या, भले थोडं असेल, पण वेळेवर. आणि मैदान प्रदर्शनाला किंवा लग्नाला भाड्यानं दिलं, तर ते भाडं त्याच मैदानावर खर्ची पडू दे. मांडवाच्या खुंट्यांचे खड्डे पोरांनी बुजवायचे, हे बरं नव्हे. नवं संकुल बांधायचंच असेल, तर पुढच्या पाच वर्षांच्या देखभालीची तरतूद आधी दाखवा, मग नकाशा.

हे मागणं उपकाराचं नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीनं शहरांच्या संस्थांसाठी जी १८ विषयांची यादी केली, तीत बागांबरोबर क्रीडांगणंही आहेत.

एकदा सायंकाळी साडेपाचला कुठल्याही मैदानावर या. गाडी लांब लावा, कुणाला कळवू नका. येताना पोटभर पाणी पिऊन या आणि दोन तास थांबा.

आपला,
पेठेतला एक घरफाळा भरणारा